चांफा कोणता? : नांदेड व लातूर प्रांतांतील सोनचांफ्याच्या इतिहासाचें टिपण

(१)

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांस बागेचे कागद अपरिचित नाहींत. इनामपत्र, महजर, वांटणीची याद, देवस्थानाच्या खर्चाचा झाडा, विहिरीच्या हिश्शाचा कजिया, अशा कोणत्या ना कोणत्या निमित्तानें बाग कागदावर येते. आणि संशोधक त्यांतून जमिनीचें मोजमाप, विहिरींची संख्या, धन्याचें नांव व तारीख एवढें टिपून घेऊन पुढें जातो. झाडांचीं नांवें सहसा टिपलीं जात नाहींत. आंबा, चिंच, नारळ यांना कांहीं उत्पन्न असतें म्हणून त्यांची गणना तरी होते. फुलझाडाच्या वांट्याला तेवढेंहि येत नाहीं. प्रस्तुत टिपण अशाच एका फुलझाडाविषयीं, म्हणजे सोनचांफ्याविषयीं आहे, आणि त्याचें क्षेत्र मुख्यतः मराठवाड्यांतील नांदेड व लातूर हे दोन जिल्हे हें आहे.

या टिपणांत दोन गोष्टी मांडावयाच्या आहेत. पहिली अशी कीं, जुन्या लेखांत ‘चंपक’, ‘चांपा’ किंवा ‘चांफा’ हा शब्द दिसला म्हणजे तो सोनचांफाच असें धरून चालतां येत नाहीं. आणि जुन्या यादवकालीन लेखांतील चांपा म्हणजे आज देवळापुढें दिसणारा पांढरा चांफा, असें तर मुळींच म्हणतां येत नाहीं. दुसरी अशी कीं, सोनचांफा या प्रांतांत रानांत आपोआप उगवणारा वृक्ष नव्हे. तो जेथें उभा आहे तेथें कोणी तरी विहीर खणली, माती बदलली आणि वर्षानुवर्षें पाणी घातलें. म्हणून तो वृक्ष हाच एक दस्तऐवज आहे. कागद जसा वाळवींत जातो तसा हा दस्तऐवज पाणी तुटलें कीं जातो, आणि त्याची नक्कल कोणापाशींहि राहत नाहीं.

(२)

प्रथम नांवांचा घोळ पाहूं. मराठींत ‘चांफा’ हें नांव एका झाडाचें नसून एका गोतावळ्याचें आहे, आणि त्या गोतावळ्यांतील बहुतेकांचें एकमेकांशीं रक्ताचें नातें नाहीं. सोनचांफा अथवा पिवळा चांफा हा संस्कृतांतील चंपक. नागचांफा म्हणजे नागकेशर. तो वेगळ्या कुळांतला, पांढऱ्या पाकळ्यांचा आणि मध्यें पिवळ्या केसरांचा झुबका असलेला वृक्ष. हिरवा चांफा ही सीताफळाच्या कुळांतील चढती वेल. तिचें फूल पानांत लपतें आणि वासावरून सांपडतें. भुईचांफा हा हळदीच्या कुळांतील कंद. त्याचें फूल पानें येण्यापूर्वीं जमिनींतून वर येतें. कवठी चांफा हें सोनचांफ्याचें खरें भावंड. पण तें झुडूप मूळ दक्षिण चीनकडील आहे. कनकचंपा हें मुचकुंदाचें दुसरें नांव. आणि पांढरा चांफा, देवचांफा किंवा खुरचांफा म्हणून जो सर्वांच्या ओळखीचा आहे, तो कण्हेरीच्या कुळांतला, पान तोडतांच पांढरा चीक गाळणारा वृक्ष होय.

हा घोळ मराठीनेंच केला असेंहि नाहीं. अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत ‘चांपेय’ हा शब्द दोन ठिकाणीं येतो. एकदां चंपकाचा पर्याय म्हणून आणि एकदां नागकेशराचा पर्याय म्हणून. दोन्हींच्या नांवांत सोन्याचाहि अंश आहे. चंपक हा ‘हेमपुष्पक’, आणि नागकेशर हा ‘कांचनाह्वय’, म्हणजे सोन्याचीं नांवें धारण करणारा. चंपकाच्या कळीला कोशकार ‘गंधफली’ असें स्वतंत्र नांव देतो. तेव्हां कोणत्याहि संस्कृत लेखांत ‘गंधफली’ आली तर अर्थ चंपकाकडे झुकतो, पण नुसत्या ‘चांपेय’ शब्दावरून निर्णय होत नाहीं. मराठींतील ‘नागचांफा’ हा शब्द या जुन्या द्व्यर्थाचाच वारसा सांगतो असें दिसतें. आतां तर रोपवाटिकांतून सर्पाच्या फणेसारख्या पानांचा, पांढऱ्या चांफ्याच्याच जातीचा एक परदेशी प्रकारहि ‘नागचंपा’ या नांवानें विकला जातो. म्हणजे पुढील शतकांतील संशोधकासाठीं एक नवा घोळ आपण तयार करून ठेवीत आहों.

मोडी कागदांत ही अडचण दुणावते. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाहीं आणि अनुस्वार बहुधा गाळला जातो. त्यामुळें चंपा, चांपा, चापा हीं रूपें डोळ्यांना सारखींच दिसतात. शिवाय हा शब्द झाडाचाच असेल असेंहि नाहीं. चंपा हें स्त्रियांचें नांव आहे. चंपई हा कापडाचा रंग आहे. चंपाकळी हा गळ्यांतला दागिना आहे. आणि चंपावती हें नगराचें नांव आहे. आपल्या शेजारचें बीड शहर परंपरेनें ‘चंपावतीनगर’ म्हणून ओळखलें जातें, आणि कोंकणांतील चौल यालाहि चंपावती म्हणतात. चंपाषष्ठीवरून तर अनेकांनीं फुलाचा संबंध जोडला आहे. नांदेड जिल्ह्यांत लोहा तालुक्यांतील माळेगांव येथें खंडोबाची मोठी यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते, म्हणून या भागांत ही समजूत विशेष ऐकूं येते. पण सोनचांफ्याचा मुख्य बहर उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत असतो. मार्गशीर्षाची थंडी हा त्याच्या ऐन फुलण्याचा काळ नव्हे. धर्मशास्त्रावरील निबंधांत ‘चंपा’ ही संज्ञा त्या षष्ठीला वार, नक्षत्र आणि योग यांच्या एका विशिष्ट मेळावरून दिलेली आहे. तेव्हां चंपाषष्ठीच्या उल्लेखावरून बागेंत चांफा होता असें अनुमान काढणें हें नांवानें फसणें होय.

(३)

आतां काळाचा विचार करूं. कारण काळाचा पुरावा सर्वांत निर्णायक आहे. पांढरा चांफा हा मूळचा हिंदुस्थानचा नव्हे. मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटें ही त्याची जन्मभूमि. त्याच्या शास्त्रीय नांवांत शार्ल प्लुमिये (१६४६–१७०४) या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचें स्मरण आहे, आणि प्लुमिये यानें आपलें आयुष्य वेस्ट इंडीजच्या वनस्पति धुंडाळण्यांतच वेंचलें होतें. कोलंबस १४९२ सालीं त्या बेटांना लागला. वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतास आला. आणि गोवें पोर्तुगीजांनीं १५१० सालीं घेतलें. त्यापूर्वीं हें झाड दक्षिणेंत असण्याचा संभव नाहीं. म्हणजे पंधराव्या शतकाच्या आधींच्या कोणत्याहि ग्रंथांतील, ताम्रपटांतील वा शिलालेखांतील चंपक हा पांढरा चांफा असूं शकत नाहीं. ‘देऊळ यादवांच्या वेळचें आणि दारांतला चांफाहि तेव्हांचाच’ असें गांवोगांव सांगितलें जातें. देऊळ खरोखरच यादवकालीन असेल, पण दारांतला तो वांकड्या फांद्यांचा वृक्ष त्याच्याहून निदान दोनअडीच शतकांनीं धाकटा असलाच पाहिजे. खुरचांफ्याची नुसती फांदी मातींत खोंवली तरी जगते, पाण्यावांचूनहि तग धरते, ढोरें त्याला तोंड लावीत नाहींत. म्हणून तो थोड्याच काळांत सगळ्या देवळांच्या व दर्ग्यांच्या आवारांत पसरला, आणि आमच्या चंपकाचें नांवहि त्यानें उचललें. हें नांवाचें स्थलांतर एकट्या महाराष्ट्रांत झालें असें नव्हे. लाओस देशांत ‘चंपा’ म्हणून जें राष्ट्रीय पुष्प मानतात तें हेंच अमेरिकेचें फूल आहे.

याच्या उलट सोनचांफ्याचा पुरावा रंगांत आहे. महानुभाव वाङ्मयांत गोऱ्यापान कांतीला ‘चांपेगौर’ असें विशेषण येतें. या विशेषणाला पिवळसर सोनेरी छटेचें फूल डोळ्यांपुढें असल्यावांचून अर्थ नाहीं. पांढऱ्या फुलावरून तें निघणार नाहीं. आजहि ‘चाफेकळी नाक’ असें आपण म्हणतों तेव्हां सोनचांफ्याची लांबट, टोंकदार, न उमललेली कळीच मनांत असते. तेराव्या शतकांतल्या मराठीला हें फूल इतकें परिचित होतें कीं त्याचें विशेषण झालें. येथें एक सावधगिरी मात्र पाळली पाहिजे. विशेषण झालें म्हणजे फूल परिचित होतें एवढेंच ठरतें. तें कोणत्या गांवीं, कोणाच्या अंगणांत होतें हें ठरत नाहीं. त्यासाठीं स्थानपोथीसारखे ग्रंथ, ज्यांत जागा, दिशा आणि खुणा यांचा मेळ घातलेला असतो, अधिक उपयोगाचे. माहूर हें नांदेड जिल्ह्यांतील क्षेत्र महानुभावांना पूज्य असल्यामुळें त्या परिसरांतील मठांच्या पोथ्या या दृष्टीनें पुन्हां वाचावयास हव्यात.

(४)

वृक्षाची स्वाभाविक प्रकृति समजून घेतल्यावांचून पुढचा मुद्दा कळणार नाहीं. हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीड यानें मलबारच्या वनस्पतींवर जो बारा खंडांचा ग्रंथ आम्स्टरडॅम येथें १६७८ ते १६९३ या काळांत छापविला, त्याच्या पहिल्याच खंडांत ‘चंपकम्’ या देशी नांवानें हें झाड सचित्र आलें आहे. लिनीयस यानें १७५३ सालीं त्याचें शास्त्रीय नांव ठेवतांना फ्लॉरेन्सच्या मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञाचें नांव आधीं घातलें, पण पुढें ‘चंपक’ हाच शब्द कायम राखला. अलीकडे शास्त्रज्ञ त्याला मॅग्नोलिया या मोठ्या गणांत धरतात, आणि हें गणनाम माँपेल्ये येथील प्येर मॅन्योल (१६३८–१७१५) याच्यावरून पडलें आहे. नांवांत दोन युरोपीय आले आणि एक गेला; चंपक तेवढा अढळ राहिला.

हा वृक्ष सह्याद्रीच्या व पूर्व हिमालयाच्या ओल्या, सदाहरित रानांतला. तेथें तो शंभर फुटांपर्यंत वाढतो. त्याला हवेंत ओल हवी, मुळांशीं ओलावा हवा, पण पाणी साचलेलें मुळींच खपत नाहीं. आतां नांदेड-लातूरची भूमि पाहावी. खालीं काळा पाषाण, त्यावर मुरूम, आणि वर कापसाची काळी माती. ही माती पावसाळ्यांत चिकट होऊन पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यांत हातभर भेगा पाडते. लातूरकडे सरासरी पाऊस ८०० मिलिमीटरच्या आसपास, नांदेडकडे त्याहून कांहींसा अधिक, आणि तोहि चार महिन्यांत, बेभरंवशाचा. किनवट-माहूरच्या डोंगरांतील रान हें साग, पळस, मोह यांचें, पानगळीचें रान आहे. सोनचांफा तेथला रहिवासी नव्हे. म्हणून या दोन जिल्ह्यांतील प्रत्येक सोनचांफा माणसानें आणलेला आहे. वड-पिंपळ पक्ष्यांच्या कृपेनें तटाच्या फटींतहि उगवतात. त्यांच्यावरून वस्तीचा कांहीं निष्कर्ष निघत नाहीं. सोनचांफ्यावरून निघतो.

आणखी एक जुनी खूण येथें नोंदवितों. ‘भ्रमर चंपकाकडे जात नाहीं’ हा संस्कृत अन्योक्तींतला प्रसिद्ध कविसंकेत आहे. इतका गंध, इतका रंग, तरी भुंगा पाठ फिरवितो, यावर कवींनीं गुणी माणसाच्या उपेक्षेचीं अनेक रूपकें रचलीं. संकेत म्हणून आपण तो सोडून देतों. पण या कुळांतील फुलांचें परागण मुख्यतः मधमाश्या-भुंग्यांकडून नव्हे, तर लहान भुंगेऱ्यांकडून होतें, असें वनस्पतिशास्त्र सांगतें. तेव्हां संकेताच्या मुळाशीं कोणा चिकित्सक डोळ्याचें निरीक्षण असावें. एखाद्या श्लोकांत किंवा ओवींत चंपक व भ्रमर यांचा हा वियोग आला असेल तर तेथें सोनचांफाच अभिप्रेत आहे, असें समजण्यास हरकत नाहीं. मृदु हास्यानें चंपक फुलतो असा दुसरा दोहदाचा संकेत आहे. त्यावरून मात्र वनस्पतीची ओळख पटत नाहीं.

(५)

आमच्या प्रांताच्या लगतचा मोठा ग्रंथाधार म्हणजे चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द सुमारें ११२७–११३८) याचा मानसोल्लास. त्याची राजधानी कल्याण ही लातूरपासून फार दूर नाहीं, आणि हा सर्व प्रदेश त्याच्या राज्यांत मोडत होता. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत हा ग्रंथ १९२५, १९३९ व १९६१ असा तीन भागांत छापून निघाला. त्यांत राजाच्या उपभोगांमध्यें माल्योपभोग, म्हणजे फुलांच्या माळांचा उपभोग, हें स्वतंत्र प्रकरण आहे आणि उद्यानाचाहि विचार आहे. यावरून कल्याणच्या दरबाराला फुलबागा व त्या राखणारे माळी लागत होते हें उघड आहे. लातूर व कंधार हीं नांवें तर याहून जुनीं. ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ व ‘कंधारपुरवराधीश्वर’ हीं बिरुदें राष्ट्रकूटांच्या लेखांतून वाचकांस ठाऊकच आहेत, आणि कंधारचा जगत्तुंगसमुद्र हा तलाव त्या काळच्या जलव्यवस्थेची साक्ष आजहि देतो. जेथें तलाव तेथें बाग असणें स्वाभाविक होय.

परंतु ग्रंथांतील नांव आणि बागेंतील झाड यांत अंतर असतें. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत गंधयुक्तीच्या अध्यायांत चंपकगंधी तेल करण्याची कृति दिली आहे. मंजिष्ठ, व्याघ्रनख, शुक्ति, दालचिनीची साल, कोष्ठ, बोळ यांचें चूर्ण तेलांत घालून तें उन्हांत तापवावें, म्हणजे तेलास चंपकाचा वास येतो, असें तो सांगतो. या कृतींत चंपकाचें एकहि फूल नाहीं. म्हणजे ज्या नगरांत चांफ्याचें झाड नाहीं तेथेंहि चांफ्याचें तेल मिळूं शकत होतें. अत्तराच्या, देवाच्या तेलाच्या किंवा नजराण्याच्या यादींत ‘चंपेल’ अथवा ‘चमेल-चंपा’ असें कांहीं आढळल्यास त्यावरून बागेचा निष्कर्ष काढूं नये. ऐने-अकबरींतील सुगंधी फुलांच्या यादींत चंपा आहे. विजापूरच्या दरबारीं इब्राहीम आदिलशाहासाठीं गंधशास्त्रावर ‘इत्रे नौरसशाही’ हा फारसी ग्रंथ लिहिला गेला. आणि नुसरतीच्या ‘गुल्शने इश्क’ या दखनी काव्यांत चंपावती नांवाची राजकन्याहि आहे. दखनी कवींच्या बागांवर अली अकबर हुसेन यांनीं २००० सालीं जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या विषयाच्या जिज्ञासूनें अवश्य पाहावा. औसा, उदगीर, कंधार हे किल्ले याच संस्कृतींत वाढले. तथापि दरबाराच्या काव्यावरून परगण्याच्या बागेचें चित्र रंगविणें हें कितपत योग्य, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत (सुमारें १७१५) गडावर थोर वृक्ष, लहान वृक्ष आणि त्यांबरोबर पुष्पवृक्ष व वल्लीहि लावून जतन कराव्या, अशी आज्ञा आहे. येथेंहि पुष्पवृक्ष कोणता हें सांगितलेलें नाहीं. सांगितलें असेल तर तें स्थानिक कागदांत. मोटस्थळ-पाटस्थळ जमिनींच्या याद्यांत, देवस्थानांच्या फुलांच्या नेमणुकींत, माळ्यांच्या वतनकागदांत. हैदराबाद येथील अभिलेखागारांत शाहजहान व औरंगजेब यांच्या काळचा मोठा फारसी दफ्तरसंग्रह आहे; आमचा प्रांत १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत असल्यामुळें पुढील महसुली कागदहि उर्दूंत आहेत. मराठी संशोधकांचें तिकडे जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं.

(६)

आतां लागवडीविषयीं. हा विषय इतिहासाच्या त्रैमासिकांत कशाला, असें कोणी म्हणेल. पण झाड कसें जगतें हें कळल्यावांचून, तें जगविणाऱ्यानें काय केलें असेल हें कळत नाहीं. वराहमिहिर वृक्षायुर्वेदाच्या अध्यायांत दोन झाडांमधील अंतर वीस हात उत्तम, सोळा मध्यम आणि बारा किमान असें सांगतो. फांदी शेणानें लिंपून लावण्याजोग्या झाडांची त्यानें यादी दिली आहे. तींत फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष इत्यादि आहेत, पण चंपक नाहीं. आजच्या माळ्यासहि हाच अनुभव आहे. सोनचांफ्याची फांदी खोंवून सहसा फुटत नाहीं. खुरचांफ्याशीं येथें त्याचें पूर्ण वैर आहे. सोनचांफा बियांपासून करावा लागतो किंवा कलमानें. बी फळांतून निघतें तेव्हां त्यावर तांबडा गर असतो. तो धुऊन काढल्यावांचून तें नीट रुजत नाहीं, आणि कांहीं आठवड्यांतच त्याची रुजण्याची शक्ति जाते. याचा ऐतिहासिक अर्थ असा कीं, सोनचांफ्याचें बी वाण्याच्या पुडींत वर्षभर बांधून दूरदेशीं पाठवितां येत नसे. तें ताजें न्यावें लागे, नाहीं तर मातीच्या गोळ्यासह रोपच न्यावें लागे. कोंकणांतून किंवा घाटमाथ्यावरून गोदावरीच्या कांठीं आलेलें प्रत्येक रोप कोणी तरी ओल्या फडक्यांत जपून आणलेलें होतें.

प्रस्तुत लेखकानें नांदेडांत आपल्या अंगणांत सोनचांफा तीन वेळां लावला. पहिलें रोप काळ्या मातींत तसेंच लावलें. पहिल्याच श्रावणांत मुळांशीं पाणी साचून तें कुजलें. दुसऱ्यास विहिरीचें खारवट पाणी दिलें. पानें शिरा सोडून पिवळीं पडत गेलीं आणि वैशाखांत झाड वाळलें. तिसऱ्या वेळीं एका जुन्या माळ्याच्या सांगण्यावरून दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणून तळाशीं मुरूम व विटांचे तुकडे घातले, वर नदीकांठची पोयट्याची माती आणि कुजलेलें शेणखत भरलें, झाडाचा बुंधा आळ्यापेक्षां थोडा उंच ठेवला, पश्चिमेकडील उन्हास भिंतीचा आडोसा केला आणि बुडाशीं पाचोळ्याचें आच्छादन दिलें. पावसाचें साठविलेलें पाणी शक्य तितकें त्यालाच दिलें. तें झाड जगलें. बियांच्या झाडास फुलावर यावयास सात-आठ वर्षें सहज लागतात. कलमी झाड वर्षा-दोन वर्षांत फुलतें आणि छाटणीनें दहाबारा फुटांत राखतां येतें. कोंकणांत निपजलेलें ‘वेलणकर’ या नांवाचें कलम त्यासाठीं हल्लीं प्रसिद्ध आहे, आणि वसईकडील बागाईतदार दादरच्या बाजारास हीं फुलें पुरवितात.

या तीन खटपटींत जें शिकलों तें कागद वाचतांना उपयोगी पडलें. या मातींत एक सोनचांफा म्हणजे बाहेरून आणलेली गाडीभर माती, गोड पाण्याची विहीर आणि निदान सात-आठ उन्हाळे न चुकलेला मनुष्य. बियांचें झाड लावणारा स्वतःसाठीं लावीत नसतो. त्यास घराच्या स्थैर्याचा भरंवसा असावा लागतो. एखाद्या वाड्याच्या मागील चौकांत जुना सोनचांफा असेल तर, त्या पिढींत त्या घरास पाणी होतें, माळी ठेवण्याची ऐपत होती आणि गांव सोडून जाण्याची भीति नव्हती, इतकें त्यावरून म्हणतां येईल. वतनकागदांतून इतकें नेहमींच कळतें असें नाहीं. मात्र खोडाच्या घेरावरून वर्षें मोजण्याच्या मोहांत पडूं नये. पाणी भरपूर मिळालेलें झाड तीस वर्षांत जेवढें होतें तेवढें उपाशी झाड साठ वर्षांतहि होत नाहीं.

(७)

हा पुरावा झपाट्यानें नाहींसा होत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या आसपास भूकंप झाला. दगड-मातीचीं जुनीं घरें कोसळलीं, हजारों माणसें गेलीं, आणि पुष्कळ गांवें मूळ जागा सोडून नव्या ठिकाणीं वसलीं. माणसांच्या दुःखापुढें झाडाची गोष्ट काढणें अप्रशस्त वाटेल. परंतु जुन्या घरांच्या कोनाड्यांतील पोथ्या आणि परसांतील विहिरी हीं दोन्ही त्या ढिगाऱ्यांखालीं एकदमच गेलीं, हें संग्राहकास विसरतां येत नाहीं. पुढें २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें. ज्या गांवीं माणसास पाणी आगगाडीनें येतें, तेथें फुलझाडास तें कोण घालणार? परसांतील आड आटले किंवा बुजविले गेले, वाड्यांच्या जागीं इमारती झाल्या, आणि जें झाड आडाच्या सांडपाण्यावर जगत होतें तें कोणाच्या लक्षांतहि न येतां वाळलें.

कागदाची नक्कल करतां येते, शिलालेखाचा ठसा घेतां येतो. झाडाचें तसें नाहीं. पण त्याची नोंद करतां येते. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाचें हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत पडून होतें. १९९६ सालीं सिकंदराबादेहून नलिनी साधले यांच्या इंग्रजी भाषांतरासह तें प्रसिद्ध झालें, आणि एक सबंध शास्त्र पुन्हां वाचकांपुढें आलें. तेव्हां आपल्या संग्रहांत काय आहे हें एकदां उलगडून पाहण्यास काय हरकत आहे? शेषांसारखीं विद्वान घराणीं नांदेडाहून काशीस गेलीं. त्यांचे ग्रंथ गेले, पण त्यांच्यामागें राहिलेल्या घरांचे कागद अजून या मातींत आहेत.

म्हणून नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील संग्राहकांस व वाचकांस विनंती आहे कीं, त्यांनीं पुढील गोष्टी कळवाव्या. आपल्या गांवीं जुना सोनचांफा असल्यास तो कोठें आहे, कोणत्या विहिरीच्या किंवा आडाच्या पाण्यावर आहे, आणि त्याच्याविषयीं घरांत काय सांगतात. आपल्या दफ्तरांतील कोणत्याहि कागदांत चंपक, चांपा, चांफा हा शब्द असल्यास त्या ओळीची अक्षरशः नक्कल, तारखेसह. त्यांत रंग, ऋतु, चीक किंवा पाण्याची सोय यांपैकीं कशाचा उल्लेख आहे काय. आणि पोथीच्या पानांत एखादें वाळकें फूल सांपडल्यास तें झटकून टाकूं नये. कोणत्या पानांत होतें तें लिहून कागदाच्या पुडींत वेगळें ठेवावें. पाकळ्या अरुंद, लांबट आणि दहा-बारा किंवा अधिक असल्या तर तो सोनचांफा. रुंद आणि पांचच असल्या तर तो खुरचांफा, आणि मग तें फूल निदान यादवकाळचें नव्हे, इतकें तरी तेथल्या तेथें ठरेल.